एकाच पक्षातले प्रतिस्पर्धी आणि अटॅक ॲड : कुठपर्यंत चालवून घ्यायचं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या प्रायमरीवर (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आतल्या निवडणुकीवर) इथे अधूनमधून गप्पा होतात, पण एका गोष्टीवर नीट बोलणं झालेलं आठवत नाही. विरोधी पक्षाच्या उमेदवाराला जाहिरातीत झोडपतात, ते समजू शकतो. पण नोव्हेंबरमध्ये ज्याच्यासाठी मतं मागायची, त्यालाच जानेवारीत भर चौकात उघडं पाडायचं, हे कितपत रास्त?

माझ्या डोक्यात २०१२ ची रिपब्लिकन प्रायमरी आहे. मिट रॉम्नी आघाडीवर, न्यूट गिंग्रिच मागे. गिंग्रिच यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या 'विनिंग अवर फ्युचर' या सुपर पॅकने (उमेदवारापासून वेगळं राहून हवा तेवढा पैसा प्रचारात ओतणाऱ्या गटाने) साउथ कॅरोलायनाच्या मतदानाआधी जवळपास अर्ध्या तासाची फिल्मच आणली. विषय काय, तर रॉम्नींच्या 'बेन कॅपिटल' या गुंतवणूक कंपनीने कंपन्या विकत घेतल्या, पिळून काढल्या आणि कामगार रस्त्यावर आले. कॅसिनोवाले शेल्डन ॲडलसन यांनी या पॅकला पन्नास लाख डॉलर दिले होते. तिकडे रिक पेरी 'गिधाडांची भांडवलशाही' म्हणून मोकळे झाले. खुल्या बाजाराची आरती ओवाळणाऱ्या पक्षाचेच हे उमेदवार!

मे महिन्यात ओबामांच्या प्रचाराने कॅन्सस सिटीतल्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्याची जाहिरात काढली. त्यातला कामगार बेनला थेट रक्तपिपासू म्हणतो. म्हणजे घरच्यांनी जानेवारीतच दार उघडून ठेवलं होतं, पाहुणे फक्त आत आले.

माझं मत असं की पक्षांतर्गत लढतीत स्वतःबद्दल बोलावं, धोरणातला फरक सांगावा, पण समोरच्याचं चारित्र्य आणि धंदा जाहिरातीत ओढू नये. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

मृद्गंधा

गोदाकाठ, असहमत. तुमच्या उदाहरणातच गडबड आहे.

बेनचा मुद्दा गिंग्रिचनी शोधला नाही. १९९४ साली रॉम्नी मॅसॅच्युसेट्समधून टेड केनेडींविरुद्ध सिनेटला उभे होते, तेव्हाच तो बाहेर आला होता. इंडियानातल्या मॅरियन गावच्या कागद कारखान्यातले संपकरी कामगार केनेडींच्या जाहिरातींत येऊन बोलले आणि रॉम्नी हरले. म्हणजे ही जखम अठरा वर्षं जुनी, सगळ्या दुनियेला ठाऊक. ओबामांच्या माणसांना ती गिंग्रिचनी दाखवून द्यायला हवी होती, असं खरंच वाटतं तुम्हाला?

उलट प्रायमरीत हा प्रश्न आला हे पक्षाचं भाग्य. रॉम्नींकडे त्यावर धड उत्तर आहे की नाही, हे जानेवारीत कळलं. तयारीला दहा महिने मिळाले. ते त्यांनी वापरले नाहीत, हा दोष कोणाचा?

आणखी एक. साउथ कॅरोलायनात गिंग्रिच ४० टक्के, रॉम्नी २८ टक्के असा निकाल लागला, तोवर रॉम्नी आयकराची कागदपत्रं द्यायला टाळाटाळ करत होते. हरल्यावर तीन दिवसांत ती बाहेर आली. दोन कोटी डॉलरच्या वर उत्पन्न आणि कर १४ टक्क्यांच्या आसपास. पक्षाच्या मतदाराला हे उमेदवार ठरवण्याआधी कळायला नको का?

धुंडिराज

मृद्गंधाताईंशी बराचसा सहमत.

'आपल्याच पक्षातल्या माणसाबद्दल वाईट बोलू नकोस' ही रिपब्लिकनांची अकरावी आज्ञा. रेगनच्या नावावर खपते, पण काढली कॅलिफोर्नियातले तेव्हाचे पक्षाध्यक्ष गेलॉर्ड पार्किन्सन यांनी, १९६६ साली. तेव्हा रेगन गव्हर्नरपदासाठी प्रायमरीत होते, राजकारणात नवे होते आणि मारा त्यांच्यावरच होणार होता. साहजिकच आज्ञा फार आवडली! दहा वर्षांनी, १९७६ ला, समोर स्वपक्षाचे विद्यमान राष्ट्राध्यक्ष फोर्ड होते. तेव्हा पनामा कालव्यावरून रेगननी त्यांना असं धारेवर धरलं की आज्ञा बासनात गेली.

ज्याच्यावर हल्ला होतो त्याला पक्षाची एकी आठवते. जो मागे पडलाय त्याला लोकशाही.

चहाटळ

शेवटच्या दोन वाक्यांसाठी धुंडिराजरावांना माझ्याकडून एक कटिंग.

आयोवाकर

त्या हिवाळ्यात मी डे मॉइनमध्ये होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोदाकाठ यांनी गोष्ट मधूनच सुरू केली आहे. पहिला वार गिंग्रिचनी केलाच नव्हता. डिसेंबर २०११ च्या सुरुवातीला आयोवात ते सगळ्यांच्या पुढे होते आणि 'मी नकारात्मक प्रचार करणार नाही' असं सांगत फिरत होते. मग रॉम्नींच्या बाजूचा सुपर पॅक उतरला, 'रिस्टोअर अवर फ्युचर'. (दोन्हीकडे फ्युचरच. नावं एकाच दुकानातून आणल्यासारखी.) एकट्या आयोवात तीस लाख डॉलरच्या आसपास खर्च, बहुतेक गिंग्रिचच्या विरोधात.

एक जाहिरात अजून डोळ्यांपुढे आहे. विमानतळावर सामान फिरतं तो पट्टा, त्यावरून एकामागून एक बॅगा येतायत. निवेदिका शांतपणे विचारते, ओबामांना आनंद कशाने होतो माहितेय? न्यूट गिंग्रिचच्या सामानाने. मग एकेक बॅग : फ्रेडी मॅक या गृहकर्ज कंपनीकडून घेतलेले पैसे, सभागृहाने केलेला दंड, वगैरे. संध्याकाळच्या बातम्यांत प्रत्येक ब्रेकला हीच. आमच्या ऑफिसातले दोन कट्टर गिंग्रिचवाले नाताळपर्यंत गप्प झाले होते. ३ जानेवारीला गिंग्रिच चौथे, १३ टक्के.

आणि आता खरी मजा. त्यानंतरच्या रविवारी न्यू हॅम्पशायरमध्ये सकाळची वादसभा होती. गिंग्रिचनी विचारलं, या जाहिराती थांबवायला तुमच्या मित्रांना का सांगत नाही? रॉम्नी म्हणाले, मी त्या पाहिलेल्याच नाहीत, आणि कायद्याने मला त्यांच्याशी बोलताही येत नाही. आणि त्याच दमात 'मी पाहिलेल्या जाहिरातीत असं असं होतं' म्हणत मुद्दे घडाघडा म्हणून दाखवले!

माझा राग तिखट जाहिरातीवर नाही, या 'मी नाही त्यातला'वर आहे. बोलायचंय ना, मग स्वतःच्या तोंडाने बोला.

नाचणी

आयोवाकर, यामागचं यंत्र असं आहे. २००२ च्या कायद्याने उमेदवाराला स्वतःच्या टीव्ही जाहिरातीत तोंड दाखवून 'या संदेशाला माझी संमती आहे' असं म्हणावं लागतं. हेतू हाच होता की शिवी द्यायची तर स्वतःच्या नावाने द्या. मग जानेवारी २०१० मध्ये कंपन्या-संघटनांच्या प्रचारखर्चावरची बंधनं उठवणारा सर्वोच्च न्यायालयाचा सिटिझन्स युनायटेडचा निकाल आला, पाठोपाठ सुपर पॅक आले. त्यांना पैसा हवा तेवढा, अट एकच, उमेदवाराशी संगनमत नको. आता पॅक चालवतं कोण? उमेदवाराचेच जुने सल्लागार. काय बोलायचं हे फोन न करताही कळतं की.

म्हणजे घाणेरडं काम पॅककडे, आणि उमेदवार कुटुंबासोबत हिरवळीवर चालतानाची जाहिरात करायला मोकळा.

सरळमार्गी

इतकं अवघड कशाला करताय? स्थळ आलं की आपण चौकशी करतो की नाही? मुलगा पितो का, आधीची नोकरी का सुटली, घरावर कर्ज किती. लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. प्रायमरी म्हणजे तीच चौकशी. यात अन्याय कसला?

बटाटेभात

सरळमार्गी, चौकशी मुलीकडचे करतात. दुसरं स्थळ घेऊन आलेला मध्यस्थ करत नाही. त्याने केलीच तर तो काय सांगेल हे वेगळं सांगायला नको.

सरळमार्गी

@बटाटेभात, मध्यस्थाने सांगितलेलंही खरं निघतं कधी कधी. माझ्या चुलत बहिणीच्या वेळेला निघालं होतं.

तिरकस

तपशील द्या. धागा गेला चुलीत.

गोदाकाठ

सगळ्यांना धन्यवाद. 'स्वतःच्या तोंडाने बोला आणि खरं बोला, मग चालेल' असा सूर दिसतोय. मग एक कठीण उदाहरण देतो, बघा काय वाटतं.

फ्लोरिडा, जानेवारी २०१२. रॉम्नींच्या स्वतःच्या प्रचाराने, पॅकने नव्हे, एक जाहिरात केली. तीस सेकंदांची आणि जवळपास पूर्ण वेळ फक्त एनबीसीची जुनी बातमी. १९९७ चा जानेवारी, निवेदक टॉम ब्रोकॉ सांगतायत की सभापती गिंग्रिच नीतिमत्तेच्या नियमांच्या भंगात दोषी ठरले, सहकाऱ्यांनीच ठरवलं, तीन लाख डॉलर भरायचे. संपली जाहिरात. शब्द सगळे ब्रोकॉंचे, रॉम्नींची फक्त संमती. मतदान झालं होतं ३९५ विरुद्ध २८, म्हणजे गिंग्रिचच्या पक्षातल्यांनीही बाजू सोडली होती. अक्षर न् अक्षर खरं.

पण १९९९ ला आयकर खात्याने त्याच प्रकरणातल्या करविषयक मुद्द्यावर संबंधित संस्थेला दोषमुक्त केलं. ते जाहिरातीत नाही, कसं असेल, बातमी १९९७ ची! एनबीसीने जाहिरात काढायला सांगितलं. ब्रोकॉ म्हणाले, माझा असा वापर झालेला मला रुचत नाही.

हे रास्त की नाही? मला तर खोट्या जाहिरातीपेक्षा ही जास्त खुपते. खोटं पकडता तरी येतं.

मृद्गंधा

माझ्या मते रास्त. दंड झाला होता, सभागृहाने केला होता. आयकर खात्याचं सांगायला गिंग्रिचकडे तोंड होतं, वेबसाइट होती, दोन-दोन वादसभा होत्या.

गोदाकाठ

तोंड होतं, पैसे नव्हते. फ्लोरिडात रॉम्नी आणि त्यांच्या पॅकने चार-पाच पट खर्च केला. शेवटच्या आठवड्यात तिथल्या टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातींपैकी ९२ टक्के नकारात्मक होत्या, असं जाहिराती मोजणाऱ्या कांतार सीएमएजीने सांगितलं होतं. निकाल ४६ विरुद्ध ३२. उत्तर द्यायचा हक्क आहे म्हणायचं आणि माइक एकाच्याच हातात द्यायचा!

मृद्गंधा

मग तक्रार पैशाबद्दल करा ना. स्तुतीच्या जाहिराती पाचपट असत्या तरी गिंग्रिच हरलेच असते. तेव्हा रास्त म्हणाला असता?

धुंडिराज

मुद्दा बरोबर आहे. आणि कॅरोलायनाबद्दलही एक गैरसमज काढून टाकू. तिथे गिंग्रिच बेनच्या फिल्ममुळे जिंकले नाहीत. फिल्म तर त्यांच्या गळ्यातच पडली. तथ्य तपासणाऱ्यांनी चिंध्या केल्या. फ्लोरिडातला वॉशिंग मशीनचा एक कारखाना बेनने विकून टाकल्यावर बंद झाला होता, त्याचंही खापर रॉम्नींवर. शेवटी खुद्द गिंग्रिच म्हणाले की पॅकने चुका दुरुस्त कराव्यात नाहीतर फिल्मच मागे घ्यावी. त्यांना फळलं ते मतदानाच्या दोन दिवस आधी चार्ल्सटनच्या वादसभेत. निवेदकाने पहिलाच प्रश्न माजी पत्नीने केलेल्या आरोपावर विचारला आणि गिंग्रिचनी त्यालाच असा फाडला की लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आयोवाकर

प्रायमरीतल्या निगेटिव्ह जाहिरातीला एक शाप आहे, त्यावर कोणी बोललं नाही. विरोधी पक्षावर मारलेला दगड लागला तर फायदा तुमचाच, कारण मैदानात दोघेच. प्रायमरीत पाच-सहा जण असतात. तुम्ही अ ला पाडता आणि मतं क कडे जातात.

२००४, पुन्हा आमचंच आयोवा. डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये (सभा घेऊन उमेदवार निवडायची पद्धत, प्रायमरीचीच बहीण) हॉवर्ड डीन आणि डिक गेपहार्ट पुढे. दोघांनी एकमेकांवर जाहिरातींचा भडिमार केला. लोक दोघांनाही विटले. निकाल : केरी ३८, एडवर्ड्स ३२, डीन १८, गेपहार्ट ११. गेपहार्ट दुसऱ्या दिवशी घरी. इथले जुने कार्यकर्ते अजून त्याला 'खून आणि आत्महत्या' म्हणतात.

२०१६ तर कहरच. जेब बुश यांच्या पॅककडे दहा कोटींहून जास्त डॉलर. त्यातला बराच पैसा मार्को रुबिओंना बडवण्यात गेला, कारण सगळ्यांचा हिशोब एकच होता : ट्रम्प आपोआप पडतील, आपण दुसऱ्या नंबरवाल्याला पाडू. पुढचं सांगायला नको.

चहाटळ

म्हणजे पैसा जेबचा, मार रुबिओला, घर ट्रम्पला. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत सेम झालं होतं, फक्त रक्कम कमी.

वर्धेचा_वाटसरू

अवांतर, पण राहवत नाही. तुम्ही प्रायमरीत काय बोलावं यावर भांडताय, आपल्याकडे प्रायमरीच नाही. उमेदवारी मुंबई-दिल्लीत ठरते, ए-बी फॉर्म शेवटच्या रात्री येतो, आणि ज्याला मिळाला नाही त्याचे कार्यकर्ते पक्ष कार्यालयातल्या खुर्च्या फोडतात. ती आपली अटॅक ॲड.

२०१४ ला काँग्रेसने मोजक्या लोकसभा मतदारसंघांत पदाधिकाऱ्यांच्या मतदानातून उमेदवार निवडायचा प्रयोग केला होता. आमचं वर्धा होतं त्यात, लातूरही. जाहिरातबाजी नव्हती, पण कोणाची माणसं मतदारयादीत घुसवली यावर जी कुजबुज चालली, ती कुठल्याही सुपर पॅकला लाजवेल अशी. आणि कुजबुजीला उत्तर कुठे द्यायचं? जाहिरात असती तर निदान सगळ्यांनी ऐकली तरी असती. दोन्ही जागा पडल्या, अर्थात त्या लाटेत प्रयोग नसता झाला तरी पडल्याच असत्या.

नाचणी

वाटसरूंनी कुजबुजीचं काढलं ते बरं झालं. साउथ कॅरोलायना, फेब्रुवारी २०००. जॉन मॅकेन न्यू हॅम्पशायर दणक्यात जिंकून आलेले, समोर धाकटे बुश. मॅकेन दांपत्याने बांगलादेशातून, मदर तेरेसांच्या अनाथालयातून एक मुलगी दत्तक घेतली होती. त्या सावळ्या मुलीवरून फोन आणि पत्रकांतून अफवा पसरवली गेली की ती मॅकेन यांची अनौरस कृष्णवर्णीय मुलगी आहे. कोणी केलं ते कधीच सिद्ध झालं नाही. बुश यांच्या प्रचाराने हात झटकले. बुश ५३, मॅकेन ४२.

याच लढतीत उघड जाहिरातही होती, मॅकेन यांचीच, की बुश क्लिंटनसारखे सत्य पिरगळतात. रिपब्लिकन प्रायमरीत क्लिंटनशी तुलना म्हणजे आईवरून शिवी. बोभाटा झाला, मॅकेनना निगेटिव्ह जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. उघड वार करणाऱ्याने किंमत मोजली, अंधारातल्याने काहीच नाही. म्हणून मला गोदाकाठ यांचा उपाय धोक्याचा वाटतो. उघड जाहिरातीवर बंधन घातलं तर हल्ले थांबत नाहीत, फोनवर जातात. आता तर व्हॉट्सॲपवर.

बटाटेभात

कायदा काय म्हणतो? सरळ खोटं बोललं तरी काही नाही?

नाचणी

गंमत ऐका. अमेरिकेत उमेदवाराची स्वतःची जाहिरात टीव्ही केंद्राला सेन्सॉर करता येत नाही, दळणवळण कायद्याचं कलम ३१५. धडधडीत खोटी असली तरी दाखवायची, आणि त्याबद्दल केंद्रावर बदनामीचा दावाही लागत नाही, १९५९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. सुपर पॅकची जाहिरात मात्र केंद्र नाकारू शकतं. पण महसूल कोण सोडतो!

आपल्याकडे उलट. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) खाली उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं छापणं हा भ्रष्ट आचार, निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होऊ शकते. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव हवं, कलम १२७अ. कागदावर आपण फार सोवळे आहोत.

तिरकस

'कागदावर' हा शब्द ठळक करावा ही संपादकांना विनंती.

संपादक मंडळ

चर्चा छान चालली आहे. भारतातल्या कायद्यांसाठी वेगळा धागा काढावा. चालू राजकारणातल्या नेत्यांवर शेरेबाजी आढळल्यास प्रतिसाद उडवले जातील.

डेट्रॉईटची_जाई

मराठी माणसाचं उदाहरण कोणीच कसं दिलं नाही? श्री ठाणेदार! बेळगावचे. २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, स्वतःचे एक कोटीहून जास्त डॉलर घातले, तिसरे आले. त्या प्रचारात त्यांच्या जुन्या कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेचं प्रकरण निघालं. २०१० ला ती बंद पडली तेव्हा आत कुत्रे होते, बीगल जातीचे. ठाणेदारांचं म्हणणं असं की तोवर ताबा बँकेकडे गेला होता, त्यांच्या हातात काही नव्हतं.

आमच्या मंडळाच्या गणपतीत यावरून दोन तट पडले होते. एक काका म्हणाले, आपला माणूस आहे, त्याला विरोधकांनी बोलावं, पक्षातल्यांनी नको. आमची सोळा वर्षांची लेक म्हणाली, काका, कुत्र्यांना काय माहीत कोण कुठल्या पक्षाचं? काका मोदकाकडे वळले.

मला स्वतःला प्रश्न रास्त वाटला आणि त्यांचं उत्तरही पुरेसं वाटलं. २०२२ ला ते डेट्रॉईटमधून अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, गेलेच. प्रायमरीत नऊ उमेदवार, तीस टक्क्यांच्या आतली मतं, आणि प्रतिस्पर्ध्याच्या मागे बाहेरच्या गटांचे लाखो डॉलर असताना. हल्ल्याने माणूस संपतोच असं नाही.

धुंडिराज

लेकीला शाबासकी सांगा.

'हल्ल्याने माणूस संपत नाही' यावरून : १९८० च्या प्रायमरीत थोरल्या बुशनी रेगनच्या अर्थधोरणाला 'जादूटोण्याचं अर्थशास्त्र' म्हटलं होतं. काही महिन्यांत तेच बुश रेगनचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार. २००८ ला हिलरींची ती पहाटे तीनच्या फोनची जाहिरात : मुलं झोपली आहेत, व्हाइट हाउसमध्ये फोन वाजतोय, उचलणारं कोण हवंय तुम्हाला? म्हणजे ओबामा कच्चे आहेत. जिंकल्यावर ओबामांनी परराष्ट्र खातं कोणाला दिलं? हिलरींनाच.

चहाटळ

त्या जाहिरातीतली एक झोपलेली चिमुरडी जुन्या विकतच्या चित्रफितीतली होती. ती मोठी होऊन निघाली ओबामांची समर्थक! झोपेत प्रचार करून घेतला बिचारीकडून.

गोदाकाठ

हाहा, हे माहीत नव्हतं.

पण धुंडिराजराव, तुम्ही गोड शेवटाचीच उदाहरणं देताय. १९८८ घ्या. मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगांतून गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांनाही सुट्टीवर सोडायची योजना होती. तो मुद्दा तिथले गव्हर्नर आणि पुढे पक्षाचे उमेदवार झालेले डुकाकिस यांच्याविरुद्ध देशपातळीवर पहिल्यांदा काढला अल गोर यांनी, न्यूयॉर्कच्या प्रायमरीआधीच्या वादसभेत. पक्षातल्याच माणसाने. सप्टेंबरमध्ये तोच मुद्दा अशा सुट्टीवरून पळून गुन्हे केलेल्या विली हॉर्टन या कृष्णवर्णीय कैद्याच्या फोटोसकट टीव्हीवर आला, उघड वर्णद्वेष घेऊन. डुकाकिस संपले.

मृद्गंधा

हे उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे! गोरनी धोरणावर प्रश्न विचारला. कैद्याचं नाव नाही, फोटो नाही. तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की धोरणातला फरक सांगावा. गोरनी तेच केलं. डुकाकिसना एप्रिलमध्येच कळलं होतं की हे येणार आहे, तरी ऑक्टोबरपर्यंत नीट उत्तर दिलं नाही. घाण केली ती त्या जाहिरातवाल्यांनी. तिचं पाप गोरच्या माथी का?

बटाटेभात

गोदाकाठ, विकेट गेली. थर्ड अंपायरकडेही जाऊ नका.

गोदाकाठ

जाणारच. गोरच्या प्रश्नापुरतं मृद्गंधाताईंचं मान्य, पण माझी मूळ शंका जागेवरच आहे. वर सगळे 'मतदाराला कळायला हवं' म्हणतायत. मतदाराला कळवायचं तर वादसभा आहेत, जिथे समोरचा तिथल्या तिथे उत्तर देतो. २०१६ ला क्रिस क्रिस्टींनी न्यू हॅम्पशायरच्या वादसभेत रुबिओंना तोंडावर सांगितलं की तुम्ही पाठ केलेलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणताय, आणि रुबिओंनी ते वाक्य परत म्हटलं! याहून जहरी हल्ला नाही, पण पूर्ण रास्त, कारण रुबिओ समोर उभे होते. जाहिरातीत समोरचा नसतोच. तीस सेकंद एकट्याचे, वर भीतीदायक संगीत. म्हणून एकाच पक्षातल्यांनी एकमेकांवर जे म्हणायचं ते मंचावर म्हणावं, विकत घेतलेल्या वेळेत म्हणू नये, इथवर मी आलोय.

आयोवाकर

तत्त्व म्हणून आवडलं. पण वादसभेत कोणाला घ्यायचं हे वाहिन्या ठरवतात, जनमत चाचणीवरून. दोन टक्केवाला मंचावर पोचतच नाही. त्याला जाहिरातीशिवाय काय उरतं?

न्यूयॉर्कचा_नाम्या

उशिरा आलो. आमच्याकडचा उपाय सांगतो. महापौरपदाच्या प्रायमरीत आता पसंतीक्रम देऊन मत द्यायचं, पाच नावांपर्यंत. त्यामुळे दुसऱ्याच्या समर्थकांना दुखवायचं म्हणजे त्यांची दुसऱ्या पसंतीची मतं घालवायची. २०२५ ला ममदानी आणि ब्रॅड लँडर यांनी एकमेकांनाच पाठिंबा दिला, 'मला पहिलं, त्याला दुसरं द्या' म्हणत. प्रतिस्पर्धी कुओमोंच्या बाजूच्या पॅकने मात्र दोन कोटींहून जास्त ओतले. ममदानींची दाढी गडद आणि लांब केलेल्या फोटोचं एक पत्रक बाहेर फुटलं. पॅकवाले म्हणाले, तो नाकारलेला मसुदा होता, वाटलाच नाही. शेवटच्या फेरीत ममदानी ५६ टक्क्यांवर.

म्हणजे नव्या पद्धतीने उमेदवार थोडे सभ्य झाले. पॅक जिथल्या तिथे.

सरळमार्गी

एक भाबडी शंका. प्रायमरीत इतकी धुलाई झाल्यावर हरलेला माणूस चिडून अपक्ष का उभा राहत नाही? आपल्याकडे तर दुसऱ्या दिवशी नारळ फुटतो.

नाचणी

बहुतेक राज्यांत कायद्यानेच बंदी आहे. प्रायमरी हरलात तर त्याच निवडणुकीत वेगळ्या नावाने मतपत्रिकेवर येता येत नाही. पण काही राज्यांत वाट मोकळी आहे. कनेक्टिकटमध्ये २००६ ला जो लिबरमन प्रायमरी हरले, अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. नाम्यांच्या न्यूयॉर्कमध्ये कुओमोही नोव्हेंबरला उभे राहिले, पुन्हा हरले.

वर्धेचा_वाटसरू

बंडखोरीवर कायद्याने बंदी?! आमच्या जिल्ह्यात हा कायदा आला तर निवडणुकीला उमेदवारच उरायचे नाहीत.